मादीचा परवाना

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा शनिवार हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रायफलने हरणं मारायच्या हंगामाचा पहिला दिवस. आमच्या गावाबाहेर एक खाटीक आहे, हंगामात तो फक्त हरणंच सोलतो. दुपारपासून त्याच्या शेडसमोर पिकअप ट्रकांची रांग लागते. ट्रकच्या हौद्यात एखाद-दुसरं हरीण आणि प्रत्येकाच्या कानाला बांधलेली चिठ्ठी: कुणी मारलं, कधी, कुठे, नर की मादी. शेजारच्या आजोबांनी मारलेली मादी उतरवायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. शेडच्या मागे, जिथे कापलेली डोकी टाकतात तिथे, राज्याच्या गेम कमिशनचा, म्हणजे वन्यजीव खात्याचा एक माणूस टॉर्च घेऊन उकिडवा बसला होता. एकेक डोकं उचलायचं, जबडा फाकवायचा आणि खालच्या उपदाढा बघायच्या. तिसरी उपदाढ तीन उंचवट्यांची, म्हणजे दुधाची असेल, तर जनावर साधारण दीड वर्षापर्यंतचं. ती पडून दोन उंचवट्यांची आली असेल, तर त्याहून मोठं. मग चिठ्ठीवरचा नंबर कागदावर उतरवायचा आणि पुढचं डोकं घ्यायचं. बोटं गारठली की तो हात काखेत धरायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

त्या गारठलेल्या बोटांनी लिहिलेल्या नोंदींवर पुढच्या वर्षी या राज्यात किती हरणं राहणार याचा निर्णय उभा असतो. शिकाऱ्याला आपली शिकार कमिशनला कळवणं बंधनकारक आहे, पण पुष्कळ जण कळवत नाहीत. खाटकाकडे उतरवलेले नंबर आणि कळवलेले नंबर ताडून पाहिले की शंभरातल्या किती जणांनी कळवलं ते समजतं, आणि त्यावरून एकूण शिकारीचा अंदाज बांधता येतो. दातांवरून कळपातल्या वयाची मांडणी कळते. मग राज्याच्या प्रत्येक विभागासाठी एक आकडा ठरतो, बिनशिंगी हरणांच्या परवान्यांचा. शिंगाळा नर मारायची मुभा साध्या लायसन्समध्येच असते, पण मादी मारायची तर वेगळा परवाना लागतो. त्याची किंमत जेमतेम ७ डॉलर असते आणि संख्या मोजकी.

हरणांची संख्या या एका आकड्यावर हलते. नराच्या शिंगांवर, बंदुकीच्या प्रकारावर, रविवारी शिकार असावी की नसावी यावर इथे पिढ्यानपिढ्या भांडणं झाली. पण कळप वाढेल की घटेल हे ठरतं ते किती माद्या मारल्या गेल्या यावर. एक नर हंगामात कितीतरी माद्यांना पुरतो. अर्धे नर मारले तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं जवळपास तेवढीच जन्मतात. मादी चांगल्या चाऱ्यावर असेल तर दरवर्षी जुळी देते. मिशिगन विद्यापीठाच्या जॉर्ज रिझर्व्हमध्ये, कुंपण घातलेल्या सुमारे अकराशे एकरांत, १९२८ मध्ये दोन नर आणि चार माद्या सोडल्या होत्या. सहा वर्षांनी हाका घालून मोजणी झाली तेव्हा १६० हरणं भरली. सहाची एकशे साठ! ज्यांना वाटतं की हरणांना नुसतं एकटं सोडलं की निसर्ग आपोआप समतोल राखेल, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. समतोल येतो, पण तो भुकेने येतो.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. मटण न खाणाऱ्या घरात वाढलो आणि इथे आल्यावर पहिली काही वर्षं शिकारीच्या हंगामात मला अस्वस्थ व्हायचं. भगव्या जाकिटातली माणसं जंगलात शिरताना बघितली की खिडकीचा पडदा ओढायचो. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, मारायचंच असेल तर नर मारा, निदान माद्यांना तरी सोडा. हेच वाक्य इथल्या शिकाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी धर्मासारखं मानलं होतं, आणि त्यांच्याकडे त्याला कारणही होतं.

१८९५ मध्ये गेम कमिशन स्थापन झालं तेव्हा या राज्यातली हरणं संपत आली होती. युरोपीय लोक येण्याआधी या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं काही कोटी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९०० च्या सुमारास ती पाच लाख किंवा त्याहून कमी उरली होती. जंगलं तोडली गेली होतीच, पण खरा घात केला तो बाजाराने. रेल्वे आली आणि जंगलात मारलेलं हरीण थेट शहरातल्या खाटकाकडे जायला लागलं. ज्याला दहा हरणं मारता येत होती तो दहा मारायचा, कारण दहाचे पैसे मिळायचे. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्या-राज्यांतला व्यापार बंद केला, राज्यांनी रानातल्या हरणाचं मांस विकायलाच बंदी घातली. १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने मादी मारणं कायद्याने बंद केलं आणि बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली. लांडगे आणि प्युमा तोवर संपलेच होते. मग कळप असे काही वाढले की १९२३ पासून कमिशनला मर्यादित भागात माद्या मारायची परवानगी द्यावी लागली, आणि १९२८ मध्ये तर नर मारायला बंदी आणि फक्त बिनशिंगी हरणं मारायला मुभा, असा उलटा हंगाम राज्यभर काढावा लागला. अवघ्या एकवीस वर्षांत गाडी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेली होती.

लोकांची मनं मात्र त्या वेगाने फिरली नाहीत. मादी मारणं म्हणजे बियाणं खाणं, असं ज्या मुलाला बापाने शिकवलं त्याने ते आपल्या मुलाला शिकवलं. संकटाच्या काळात बरोबर असलेला नियम संकट टळल्यावरही संस्कार म्हणून टिकला. सार्वजनिक धोरणात हे नेहमी होतं, आणि नियम कितीही शास्त्रशुद्ध लिहिला तरी तो अमलात येतो माणसांच्या मनातून, हे विसरून चालत नाही.

वाढलेल्या हरणांनी काय केलं ते बघायला मला फार लांब जावं लागत नाही. घरामागच्या टेकडीवर ओकचं जंगल आहे. लांबून हिरवंगार दिसतं. आत गेलं की आधी काही खटकत नाही, मग लक्षात येतं की नजर फार लांबवर जाते आहे. माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत झुडूप नाही, फांदी नाही, ओकचं एकही हातभर रोप नाही. जमिनीवर फक्त फर्नचा गालिचा, कारण ते फर्न हरीण खात नाही. डोक्यावर शंभर वर्षांची झाडं आहेत आणि त्यांच्या पायाशी त्यांची पुढची पिढीच नाही. झाडं म्हातारी आहेत, घरात मूल नाही. असं घर आपण गावाकडे पाहिलेलं असतं. ओकची रोपं नाहीत तर पुढे अ‍ॅकॉर्न, म्हणजे ओकची फळं नाहीत. झुडपं नाहीत तर झुडपात घरटं करणारे पक्षी नाहीत. याच राज्यात १९८० च्या दशकात कुंपणं घालून चौरस मैलाला १०, २०, ३८ आणि ६४ अशा वेगवेगळ्या दाटीने हरणं दहा वर्षं ठेवून पाहिली गेली. हरणं जशी वाढली तशी रोपांची उंची आणि जाती घटत गेल्या आणि फर्न पसरत गेलं. आणि एकदा फर्न माजलं की नंतर हरणं कमी केली तरी त्याच्या सावलीत रोपं सहज येत नाहीत. म्हणून हा निर्णय पुढे ढकलण्यासारखा नसतो. दहा वर्षांच्या दुर्लक्षाची भरपाई दहा वर्षांत होत नाही.

१९९९ मध्ये कमिशनने हरणांचा विभाग गॅरी आल्ट या जीवशास्त्रज्ञाकडे सोपवला. अस्वलांचा अभ्यासक म्हणून राज्यभर लोकप्रिय असलेला माणूस. त्याने गावोगावी सभागृहं भरवून लोकांना जंगलाचे फोटो दाखवले. २००१ पासून नर आणि माद्यांचा हंगाम एकत्र केला. २००२ पासून लहान शिंगांचे नर मारायला बंदी घातली, म्हणजे बहुतेक भागात शिंगाला एका बाजूने तीन टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही. बिनशिंगी परवाने वाढवले. २००२-०३ च्या हंगामात या राज्यात ५,१७,५२९ हरणं मारली गेली, आजवरचा उच्चांक. नंतर कळप घटला, शिकाऱ्यांना दिवसच्या दिवस हरीण दिसेना, संताप उसळला, शिकाऱ्यांच्या एका संघटनेने कमिशनला कोर्टात खेचलं आणि २००४ च्या शेवटी आल्ट यांनी नोकरी सोडली.

मला आल्ट यांची दिशा बरोबर वाटते. पण चिडलेल्या शिकाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळं होणाऱ्यांशी मी सहमत नाही. राज्याच्या उत्तरेकडच्या सरकारी जंगलांत चारा आधीच संपलेला होता, त्यामुळे तिथे हरणं मुळातच कमी टिकत होती. परवाना होता अख्ख्या विभागाचा, त्यात सरकारी जंगल आणि खासगी शेतं दोन्ही. शिकारी जाणार कुठे? जिथे फाटक बंद नाही तिथे. म्हणजे सरकारी जंगलात गर्दी, तिथली उरलीसुरली हरणं मारली गेली, आणि पलीकडच्या खासगी जमिनीवर कळप आरामात चरत राहिले. कागदावर विभागाची सरासरी ठीक होती. जमिनीवर दोन्हीकडे चूक होती. यातून २००३ मध्ये आलेली सुधारणा मला सगळ्यात शहाणपणाची वाटते: जमीनमालकाने किंवा जंगलखात्याने आपल्या नेमक्या जमिनीपुरते जादा मादी-परवाने मागायचे आणि ते त्याच जमिनीवर वापरायचे. परवाना जमिनीला बांधला की सरासरीचा खोटेपणा बराच कमी होतो.

उपनगरांत प्रश्न उलटा आहे. फिलाडेल्फिया, पिट्सबर्गच्या भोवती परवाने हवे तेवढे मिळतात, पण वापरायला जागा नाही. घराच्या दीडशे यार्डांच्या आत बंदूक चालवता येत नाही, आणि ट्युलिप खाल्ले म्हणून रडणारेच शेजारी शिकाऱ्याला अंगणात येऊ देत नाहीत. गाड्यांवर आदळणाऱ्या हरणांची संख्या देशभरात वर्षाला दहा लाखांच्या पुढे आहे. रस्त्याकडेला मोडलेल्या पायांनी धडपडणारं हरीण मी दोनदा पाहिलं आहे. तेही मरणच, फक्त त्याच्या कानाला चिठ्ठी नसते आणि त्याची जबाबदारी कुणाकडे नसते.

परवाने वाढवून सगळं सुटत नाही हेही कबूल केलं पाहिजे. आता पेनसिल्व्हेनियात वर्षाला १३ लाखांच्या आसपास बिनशिंगी परवाने काढले जातात, आणि ढोबळमानाने चार-पाच परवान्यांमागे एक मादी मारली जाते. शिकारी म्हातारे होत चालले आहेत, त्यांची नातवंडं जंगलात जात नाहीत. आजोबांच्या फ्रीजरमध्ये दोन हरणं मावतात. तिसरं मारावं तर करायचं काय? ते गरिबांच्या अन्नछत्राला देण्याची सोय १९९१ पासून आहे आणि ती मला फार मोलाची वाटते, पण त्यालाही मर्यादा आहे. विस्कॉन्सिनने १९९६ मध्ये यावर कडक उपाय काढला होता: काही भागांत आधी मादी मारून दाखवा, मगच नर मारायची परवानगी. कळप खरोखर आटोक्यात आले. शिकाऱ्यांना ते अजिबात आवडलं नाही आणि २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा करून हा उपायच बंद केला. त्याच राज्यात २००२ मध्ये हरणांचा मेंदू पोखरणारा, औषध नसलेला सीडब्ल्यूडी हा रोग सापडला होता, तेव्हापासून तो पसरतोच आहे. लोकांना न आवडणारा पण चालणारा उपाय लोकांच्या मताने काढून टाकता येतो. रोगाला मतदान लागू होत नाही.

शिवाय पैशाची गाठ आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, आणि लायसन्सचे पैसे दुसरीकडे वळवायला मनाई आहे. म्हणून इथली खाती राजकारण्यांच्या दारात हात पसरून उभी राहत नाहीत. पण ज्याच्या पैशावर खातं चालतं त्या शिकाऱ्याला जंगलात भरपूर हरणं दिसायला हवी असतात, आणि जंगलाला कमी हवी असतात. रोपटं लायसन्स विकत घेत नाही. ही रचना मला अपुरी वाटते. जंगल बघायला, पक्षी बघायला येणाऱ्यांनीही यात पैसा घातला पाहिजे, म्हणजे आकडा ठरताना त्यांचाही आवाज येईल.

हे सगळं मी मराठीत का लिहितो आहे? कारण माझा धाकटा भाऊ या घडीला आमच्या वावरात जागल करतो आहे. हरभरा फुलावर आला की रोही, म्हणजे नीलगाई, येतात. एका रात्रीत दहा-बारा रोह्यांचा कळप अर्धा एकर तुडवतो, खातो त्यापेक्षा जास्त तुडवतो. भाऊ मचाणावर बसून डबा वाजवतो, बॅटरी मारतो, पहाटे घरी येऊन दोन तास झोपतो. झटका मशीन लावलं, काही दिवस उपयोग झाला, मग रोही तारेवरून उडी मारायला शिकले. आसपासच्या काही वावरांत लोकांनी थेट विजेच्या तारा सोडल्या. त्यात रोही मेले, रानडुकरं मेली आणि माणसंही मेली.

रोही हरीण नव्हे, कुरंगवर्गातला प्राणी. पण हिशेब तोच आहे, रोह्याची मादीही अनेकदा जुळी देते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. ते तेव्हा योग्यच होतं. आज उरलेले दोन रस्ते आहेत. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर वन अधिकारी विशिष्ट प्राणी किंवा ठरावीक भागातला कळप मारायची परवानगी देऊ शकतो. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करू शकतं. बिहारसाठी डिसेंबर २०१५ मध्ये तसं झालं आणि जून २०१६ मध्ये मोकाम्याच्या परिसरात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या. देशभर गदारोळ झाला, दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला. एका बाजूला प्राणिदया, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचं नुकसान. दोन्ही बाजूंना दुःख खरं होतं. पण मला जो प्रश्न विचारायचा होता तो त्या गदारोळात हरवला: त्या दोनशेंत माद्या किती होत्या?

कलम ६२ मध्ये भाग आणि मुदत आहे, संख्या नाही. कलम ११ ची परवानगी तक्रारीवर मिळते, मोजणीवर नाही. एका गावाने तक्रार केली, चार नर मारले, पुढच्या वर्षी तितकीच पाडसं. मारल्याचं पाप लागलं आणि वावर होतं तसंच राहिलं. शेतकऱ्याकडे बंदूक नाही, मारलेलं जनावर कायद्याने सरकारजमा, नोंद तालुक्याच्या फायलीत. बंदी आणि नियंत्रण या दोहोंच्या मधल्या या अवस्थेत ना रोह्यांचं भलं आहे ना भावाचं.

अमेरिकेसारखी हौसेची शिकार आपल्याकडे सुरू करा, असं मी म्हणत नाही. तशी सुरू झाली तर पहिला फायदा पैसेवाल्यांना होईल आणि पहिला बळी काळवीट जाईल. ताडोब्याच्या भोवती, जिथे वाघ आहे, तिथे रोही आणि चितळ वाघाचा घास आहेत, तिथे हात लावायचं कारण नाही. पण जिथे वाघ नाही, लांडगा उरला नाही आणि कोस-कोस नुसती शेती आहे, तिथे मोजणी करून, तालुकानिहाय, मादीचा आकडा ठरवून, खात्याच्या देखरेखीखाली, प्रत्येक जनावराच्या कानाला चिठ्ठी बांधून नियंत्रण करायला काय हरकत आहे? मांसविक्रीला बंदी कायम ठेवा, तीच या सगळ्याची खुंटी आहे. आणि काम करायला हैदराबादहून नेमबाज का आणायचे? माग काढणं, कळपातली मादी ओळखणं ही विद्या आपल्याकडे पारध्यांच्या कित्येक पिढ्यांनी जपली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने त्यांच्यासारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, आणि तो कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली तरी गावोगाव तो शिक्का पुसलेला नाही. मोजणीच्या कामावर त्यांना मानाने, पगारावर घ्यावं. बंदूक हातात द्यायची की नाही हा पुढचा प्रश्न आहे. मोजायला बंदूक लागत नाही.

मागच्या रविवारी भावाला मी खाटकाच्या शेडमधल्या त्या टॉर्चवाल्या माणसाबद्दल सांगितलं. तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, मी तर लिहूनच ठेवतो." जागलीवर वेळ जात नाही म्हणून गेली चार वर्षं तो एका शंभर पानी वहीत लिहितो: तारीख, कुठल्या धुऱ्याने आले, एकूण किती, त्यात काळसर नर किती, भुऱ्या माद्या किती, पाडसं किती. त्याने दोन पानांचे फोटो पाठवले. यंदाच्या पौषातल्या एका रात्रीची नोंद अशी आहे: अकरा, नर दोन, माद्या पाच, पाडसं चार.

नुकसानीचा पंचनामा करायला दरवर्षी कुणीतरी येतं. ती वही अजून कुणी मागितलेली नाही.